सात पाण्यांनी धुतलेला स्पंज

चिंचणीच्या लाडकी कोळणीकडचं म्हावरं गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं. घाण माल पाटीत घालणं तिला ठाऊकच नव्हतं. हाच तिचा जन्माचा तोरा, आणि याच तोऱ्याने तिला एकदा तोंडघशी पाडलं.

सदुसष्टच्या थंडीत मुंबईच्या एका प्रयोगशाळेतले खंडेराव किनाऱ्यावर स्पंज शोधत आले. स्पंज म्हणजे खडकाला चिकटलेला पिवळा, बुळबुळीत जीव. कोळणींच्या लेखी नुसती घाण. लाडकीने एक उपटून दिला, तो त्यांनी तिथेच स्पिरिटच्या बाटलीत टाकला. महिन्याभराने ते धावतच परत आले. पू करणारे जंतू त्या स्पंजच्या अर्काने मेले होते, पेनिसिलिनला न जुमानणारेसुद्धा! त्यातलं द्रव्य नेमकं ओळखलं, तर पुढे ते प्रयोगशाळेत बनवता येईल. पण ओळखायला पाटीभर स्पंज हवा होता.

लाडकीला जास्त सांगावं लागलं नाही. तिची धाकटी बहीण भागी बोटात माशाचा काटा घुसून, पू होऊन गेली होती. इंजेक्शनं देऊनही गेली. लाडकीने दोन ओहोट्यांत पाटी भरली. पण औषधाला घाण माल द्यायचा? तिने तो विहिरीच्या पाण्याने सात वेळा चोळून धुतला, बोंबील वाळवायच्या वलांडीवर कडकडीत वाळवला आणि मगच मुंबईला धाडला.

वैशाख सरता सरता खंडेराव पडलेल्या चेहऱ्याने आले.

"या मालाने एकही जंतू मेला नाही, लाडकीबाई. पहिल्या वेळी माझंच काही चुकलं असणार. वरून काम बंद करायला सांगितलंय."

"त्याची ती बुळबुळ कामाची व्हती काय?"

"तिच्यातच तर औषध असावं."

लाडकी गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण भागीचा सुजलेला हात डोळ्यांपुढून हलेना. तिला रडू फुटलं.

"तुमचं नाय चुकलं, माजं चुकलं. मी धुतला त्याला. सात पान्यांनी. उन्हात वाळवला."

खंडेरावांनी घाईने विचारलं, "पावसाआधी मोठ्या ओहोट्या किती राहिल्यात?"

"येकच. परवा, आवसेची."

अमावास्येच्या दिवशी लाडकी खवळलेल्या पाण्यातून कमरेपर्यंत भिजून वर आली. पाटीतून चिकट पाणी गळत होतं. शेजारणींनी नाकाला पदर लावला.

"लाडके, असला घान माल कुनाला देतेस गं?"

खंडेराव स्पिरिटच्या बाटल्यांची बुचं उघडून उभे होते. लाडकीने पाटी त्यांच्यापुढे उतरवली.

"माज्या भागीला," ती म्हणाली.