दीड म्हणजे किती

पूनम रुपनवर सिस्टरला सगळं पाठ नाही. हे तिनं स्वतःच साऱ्या हॉस्पिटलला सांगितलं, तेही भर ऑफिसात, समोर एका माणसाचा मोबाईल रेकॉर्डिंगला लावलेला असताना. आपल्या सोलापुरात 'मला माहीत नाही' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. पत्ता विचारला तर माहीत नसलेला माणूससुद्धा हात वर करून बिनधास्त डावीकडं पाठवतो. अशा गावात एक नर्स उठून सांगते की मला येत नाही, मी बघून करते, म्हणजे काय झालं असेल ते तुम्ही ओळखा.

पूनम नातेपुत्याजवळच्या वस्तीवरची. वडील तात्याबा मेंढरं राखायचे आणि शाळेचा आणि त्यांचा संबंध शाळेच्या मागच्या गायरानापुरता. पण मेंढरांना औषध पाजायची वेळ आली की त्यांची एक खोड होती. बाटली ओळखीची असो, रंग ओळखीचा असो, आधी लेकीला हाक.

"पुने, वाच बरं काय लिवलंय."

"आबा, कालचीच बाटली हाय की."

"कालचीच आसू दे. आदी वाच, मग पाजू."

आई म्हाळसाबाई वैतागायची. पोरीचं अर्धं बालपण बाटल्या वाचण्यात गेलं म्हणायची. ते काही खोटं नव्हतं. पुढं पूनम वसतिगृहात राहून शिकली, नर्स झाली आणि सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागली. पुरुषांचा वॉर्ड, दुसरा मजला. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेल्या काही वर्षांपासून आजारपणानं घरीच असायचा, त्यामुळं घर तिच्या पगारावर चालायचं. पण वाचल्याशिवाय पाजायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. फरक इतकाच की आता बाटलीवरची अक्षरं बारीक झाली होती, एकाच औषधाला दहा कंपन्यांची दहा नावं आली होती, आणि हे सगळं सांगणारं एक ॲप तिनं मोबाईलमध्ये घेतलं होतं. औषधाचं नाव टाकलं की ते किती द्यायचं, कशात मिसळायचं, किती सावकाश सोडायचं, काय झालं तर थांबायचं, सारं समोर. पेशंटच्या खाटेशी उभी राहून ती मोबाईल काढायची आणि नातेवाइकांना सांगायची, "थांबा जरा, बघून देते."

हे 'बघून देते' मेट्रन शकुंतलाबाईंना मुळीच आवडत नसे. शकुंतलाबाई शिक्षकाच्या घरातल्या. त्यांचं पाठांतर सगळ्या हॉस्पिटलात प्रसिद्ध होतं. झोपेतून उठवून विचारलं तरी डोस सांगतील अशी त्यांची ख्याती, आणि ती खरीही होती. "नर्सनं पेशंटच्या तोंडाकडं बघावं," त्या म्हणायच्या, "मोबाईलच्या नाही. आमच्या वेळी कुठं होतं हे?" पूनम ऐकून घ्यायची आणि पुढच्या खाटेशी जाऊन पुन्हा मोबाईल काढायची.

मग महादेवप्पा आले. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचे शेतकरी, छातीत धडधड होते म्हणून मुलानं आणून घातलेले. सोबत बायको कमलम्मा, जिची मराठी दोन वाक्यांनंतर आपोआप कानडीत शिरायची, आणि मुलगा अभिमन्यू, जो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करायचा. पहिल्याच दिवशी महादेवप्पा कण्हत होते आणि खाटेशी उभी राहून पूनम मोबाईलमध्ये बघत होती. बापाच्या काळजीनं आधीच डोकं फिरलेल्या अभिमन्यूनं व्हिडिओ काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'पेशंट तळमळतोय, सिस्टर मोबाईलमध्ये मग्न.' ती मग्न होती हे खरंच होतं. महादेवप्पांच्याच औषधात मग्न होती. पण व्हिडिओत मोबाईलची पाठ दिसते, पोट दिसत नाही.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ निम्म्या सोलापुरानं पाहिला. दुसऱ्या दिवशी ट्रस्टी मुकुंदरावांचा हुकूम आला. ड्यूटीवर येताना सगळ्या नर्सनी मोबाईल खाली ऑफिसात जमा करायचा, जाताना घ्यायचा. त्यासाठी कुणीतरी घरून लाडवाचा मोठा स्टीलचा डबा आणला. पूनमनं आठवडाभरात माफी लिहून द्यायची, नाही तर पुढचा विचार करावा लागेल, असंही सांगण्यात आलं.

"डॉक्टरांचे मोबाईलपण डब्यात का?" पूनमनं विचारलं.

"त्यांना कामाला लागतो," मुकुंदराव म्हणाले.

"मग मला काय करमणुकीला लागतो?"

मुकुंदराव वाईट माणूस नव्हते. त्यांना हॉस्पिटलचं नाव जपायचं होतं, आणि नाव जपायला त्यांना डब्यापेक्षा मोठं काही सुचलं नाही. डॉक्टरनं मोबाईल बघितला की तो अभ्यास, नर्सनं बघितला की टाइमपास, हे त्यांनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं.

पूनमनं माफी लिहिली नाही. मोबाईल मात्र डब्यात ठेवला, नियमाप्रमाणे. आणि मग शंका येईल त्या प्रत्येक औषधाला ती दुसऱ्या मजल्यावरून ऑफिसात उतरू लागली. डब्याचं झाकण उघडायचं, मोबाईल काढायचा, वाचायचं, ठेवायचं, झाकण लावायचं, पुन्हा जिना चढायचा. लिफ्ट स्ट्रेचरसाठी होती. नातेवाईक विचारायचे, "सिस्टर, कुटं निघाला?" ती सांगायची, "तुमचं औषध बघायला. वर बघायची बंदी हाय." दोन दिवसांत मुकुंदरावांना त्या झाकणाच्या आवाजाचा उबग आला. पेशंटचे नातेवाईक ऑफिसाच्या दारात येऊन विचारू लागले की आमच्या सिस्टरला पळवता कशाला.

"एवढी वर्षं झाली नोकरीला," शकुंतलाबाईंनी तिला जिन्यात गाठून सांगितलं. "पाठ करून टाक की एकदाचं. हट्ट कशाला?"

"रोज नवं औषध येतंय, मॅडम."

"मी कसं करत होते मग?"

"तुमचं डोकं मोठं हाय. माझं न्हाय. त्याची मी लाज का धरू?"

शकुंतलाबाई रागावून निघून गेल्या.

आता खरी गोष्ट. डबा आल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी महादेवप्पांचे ठोके पुन्हा सैरावैरा धावायला लागले. डॉक्टर वैदेही खाली अपघात विभागात अडकल्या होत्या. त्यांचा वॉर्डातल्या फोनवर निरोप आला. "महादेवप्पांना ते ठोक्यांचं इंजेक्शन दीड द्या, अगदी सावकाश. मी येतेच." आणि फोन ठेवला.

आपल्याकडं दवाखान्यात असंच बोलतात. सलाईन अडीच म्हटलं की अडीचशे समजायचं, गोळी दीड म्हटलं की एक आणि अर्धी समजायची. दीड कधी दीड असतो, कधी दीडशे असतो, आणि बोलणाऱ्याला वाटतं ऐकणाऱ्याला कळलंच असणार. हे इंजेक्शन पूनमनं क्वचितच दिलेलं. तिनं एक अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, फोडली, सिरिंजमध्ये भरली. दुसरी फोडली, अर्धी भरली. दीड.

आणि ती खाली गेली नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पाय दुखत होते, जिन्याचा कंटाळा आला होता, पेशंट समोर घाबरा झाला होता, आणि डब्यानं आपलं काम चोख केलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पूनम रुपनवर न बघता औषध द्यायला निघाली होती.

कमलम्मा नवऱ्याचे पाय धरून बसली होती. सुई जवळ येताना पाहून ती पुटपुटली, "नोडि कोडम्मा."

बघून दे गं बाई. आपण कुणालाही म्हणतो तसं, जपून कर म्हणून. कमलम्माच्या मनात यापलीकडं काही नव्हतं. पण अक्कलकोटकडचे पेशंट हाताळून पूनमला एवढं कानडी कळत होतं, आणि तिचा हात थांबला. तिनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. सोबतच्या ऋतुजा सिस्टरला मॉनिटरपाशी उभं केलं, प्रेशर बघत राहा म्हणाली. अपघात विभागाला फोन लावला, कुणी उचलला नाही. डॉक्टरांचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईल डब्यात. मग ती जिन्याकडं धावली.

"ओ सिस्टर, पेशंट टाकून कुटं निघाला?" अभिमन्यू मागं धावला. हातात मोबाईल, कॅमेरा चालू.

"या की माझ्यासंगं," पूनम न थांबता म्हणाली.

ऑफिसात मुकुंदराव आणि शकुंतलाबाई बसलेले. पूनमनं डब्यातून मोबाईल काढला, औषधाचं नाव टाकलं आणि वाचलं. पहिला डोस दीडशे मिलिग्रॅम. एका अँप्युलमध्येच दीडशे. म्हणजे वर ट्रेमध्ये ठेवलेल्या सिरिंजमध्ये सव्वादोनशे होते, आणि महादेवप्पांचं प्रेशर आधीच उतरलेलं होतं. तिनं तिथूनच डॉक्टर वैदेहींच्या मोबाईलवर फोन लावला. तो लगेच उचलला गेला.

"मॅडम, दीड म्हणजे दीड अँप्युल की दीडशे?"

"दीडशे. एकच अँप्युल. का?"

"मी दीड अँप्युल भरली होती. दिली नाही."

"बरं झालं विचारलंत," वैदेही म्हणाल्या. "मी मिलिग्रॅम बोलायला हवं होतं. एक द्या, मी निघालेच."

मुकुंदरावांचा चेहरा उतरला होता, कारण अभिमन्यूच्या कॅमेऱ्यात हे सगळं जात होतं. "अहो, ते बंद करा आधी," ते त्याला म्हणाले. "आणि सिस्टर, काय बोलताय तुम्ही, कुणासमोर बोलताय."

"बंद करू नको," पूनम अभिमन्यूकडं वळली. "घे माझं तोंड नीट. आत्ता मी तुझ्या बापाला जास्तीचं औषध देणार होते. माझ्या हातानं. तुझ्या आईनं बघून दे म्हटलं म्हणून मी थांबले, आणि ह्याच्यात बघितलं म्हणून मला कळलं. त्या दिवशी तू काढलास तवाबी मी हेच बघत होते. टाक ग्रुपवर. पण सगळं टाक, मदनं तोडू नको."

अभिमन्यूचा हात खाली आला. कॅमेरा चालूच होता, पण आता त्यात फक्त फरशी दिसत असणार.

"म्हणजे चूक तुमचीच ना?" मुकुंदरावांना एकदम धागा सापडला. "एवढ्या वर्षांनी एवढंही पाठ नसेल तर—"

"न्हाय पाठ. माझीच चूक, सर, मी कुठं नाकारतेय. पण पाठ नसताना पाठ असल्याचा आव आणून मी सुई टोचणार न्हाय. हवी तर नोकरी घ्या. मी बघूनच देणार, आणि खाटेपाशी उभी राहून बघणार."

"मोबाईल डब्यात ठेवा. वर नेलात तर उद्यापासून यायची गरज नाही."

मग शकुंतलाबाई बोलल्या, कुणाकडंही न बघता, जणू टेबलाला सांगत असाव्यात. "दीड म्हटल्यावर मीपण दीडच भरली असती."

पूनमनं मोबाईल खिशात घातला आणि जिना चढली. पहिली सिरिंज तिनं टाकून दिली. नव्या सिरिंजमध्ये एकच अँप्युल भरली, कमलम्माला स्क्रीन दाखवली. कमलम्माला ना मराठी वाचता यायचं ना इंग्रजी, तरी तिनं मान हलवली. मग एका डोळ्यानं प्रेशर बघत पूनमनं सावकाश औषध सोडलं. वैदेही आल्या तोवर ठोके जाग्यावर यायला लागले होते. अभिमन्यू भिंतीला टेकून उभा होता. त्यानं पुढं व्हिडिओ टाकला की नाही, टाकला तर कुठं तोडला, हे तिनं विचारलं नाही.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. भीती वाटत होती आणि तिनं तीही सांगितली. मुलीची शाळा, त्याची औषधं, घरभाडं. त्यानं एवढंच विचारलं, "उद्या जाणार हायस का?"

"ड्यूटी हाय की. न जाऊन कसं चालेल?"

सकाळी ती युनिफॉर्म घालून गेली. गेटवरच्या वॉचमननं नेमकं त्याच वेळी आपल्या बुटाची नाडी बांधायला घेतली. ऑफिसात डबा उघडा होता. ती डब्यावरून सरळ पुढं गेली. दुसऱ्या मजल्यावर वॉर्डच्या दारात शकुंतलाबाई उभ्या होत्या.

"मोबाईल कुठंय?"

"खिशात."

"सर दहाला येतात. कालच्याबद्दल मी बोलते त्यांच्याशी."

"तुमी नका, मॅडम. माझं मी बोलते."

शकुंतलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग हातातला एक केसपेपर तिच्यापुढं धरला.

"चार्जिंग आहे ना त्यात? मग आधी हे बघ. सहा नंबरला रात्री नवीन औषध लिहिलंय. मला माहीत नाही ते."