बटणवालीचं पुढे काय झालं

मिस्त्री तिखट कानाचा माणूस, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. लिफ्टच्या दारात नुसता उभा राहिला तरी सांगायचा, वरच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, फार तर महिना काढेल. आणि महिन्याभरात ते जायचंच. चौतीस वर्षं त्यानं तीन इमारतींतल्या सात लिफ्ट सांभाळल्या. असा हा माणूस संध्याकाळी घराचं दार उघडून आत आला, की ठार बहिरा.

बायको बोलायची, तो जेवायचा. संसार म्हणजे आणखी काय असतं, असं त्याला वाटायचं. खोटं कशाला बोला, पुष्कळांना तसंच वाटतं. मूलबाळ नव्हतं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. बायको दिवसभर खिडकीशी बसून गणवेशांवर नावाच्या पट्ट्या शिवायची.

एका वर्षी ती गुरुवारच्या वाचन मंडळात जायला लागली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ-दहा बायका जमायच्या आणि एकच जाडजूड कादंबरी सगळ्यांनी मिळून वाचायच्या. पुस्तक असं, की शहाण्यानं वाटेला जाऊ नये. बंदराचं गाव, तीन पिढ्या चाललेला एक खटला, आणि बोलणारा माणूस मधेच बदलतो ते कळायचीही सोय नाही. म्हणून सोबत एक गाईड होतं, तपकिरी पुठ्ठ्याचं. कोण कोणाचं कोण, कुठल्या प्रकरणात काय घडतं, सगळं त्यात दिलेलं. कादंबरी बायकोनं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून स्वतःची घेतली, गाईड मात्र वाचनालयाचं.

तेव्हापासून जेवताना रोज गोष्ट. हा म्हणायचा, हं.

"अहो, हं काय हं," ती म्हणायची. "गोष्ट ऐकणाऱ्यानं 'मग?' म्हणायचं असतं."

"मग?" हा घास न थांबवता म्हणायचा. तीही बिचारी तेवढ्यावर भागवून घ्यायची.

दोन वर्षं ऐकलेल्या त्या गोष्टीतलं त्याच्या डोक्यात राहिलं काय, तर एक खोटारडा कप्तान, एक जळालेला पूल आणि बटणवाली. बटणवाली राहिली ती तिच्या नवऱ्यामुळे. तो घड्याळवाला होता, गावच्या मनोऱ्यावरचं घड्याळ सांभाळायचा, आणि त्याबाबत मिस्त्रीला धंद्यातली एक हरकत होती.

"एवढ्या उंच घड्याळाला एकटा माणूस तेल घालतो? खाली शिडी कोण धरतं?"

"ते पुस्तकात नाहीये."

"मग पुस्तक चुकलंय," मिस्त्री म्हणाला. बायको त्यावर खूप वेळ हसली होती.

ही बटणवाली वरच्या मजल्यावर एकटी बसून बटणं लावायची. नवऱ्याला नुसत्या आवाजावरून कळायचं, घड्याळ अर्धं मिनिट मागे पडलंय. पण घरातली बाई आठ दिवस गप्प आहे, ते काही कळायचं नाही. एका संध्याकाळी गोष्ट इथवर आली, की बटणवालीनं बॅग भरली आणि ती दारात उभी आहे. बायकोनं हातातला चमचा खाली ठेवला.

"काय वाटतं तुम्हाला? गेली असेल ती?"

"मीठ कमी पडलंय का गं जरा?" मिस्त्री म्हणाला.

तिनं मिठाची बाटली पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी गोष्ट कप्तानाकडे वळली. बटणवालीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही आणि यानंही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवसांत सगळं आटोपलं. माणसं आली, गेली. पहिले दोन महिने कोणी ना कोणी डबा आणायचं, मग तेही बंद झालं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मिस्त्री ओट्यापाशी उभ्यानंच जेवायला लागला. एकट्यासाठी खुर्ची ओढायची म्हटलं, की ती फरशीवर मोठ्यानं वाजायची. एवढा आवाज नको वाटायचा त्याला.

असंच एकदा जेवताना त्यानं मिठाची बाटली उचलली आणि हात तिथंच थांबला. बटणवालीचं पुढे काय झालं?

प्रश्न वेडगळ होता, त्याचं त्यालाही हसू आलं. पण तो मानगुटीवरून उतरेना. बायकोनं विचारलेल्या हजार गोष्टींपैकी एवढ्या एकीचं उत्तर अजून मिळण्यासारखं होतं. सांगणारी गेली तरी पुस्तक होतं ना घरात. माळ्यावर, तिच्या निळ्या बॅगेशेजारी त्याला ते सापडलं. पानं अकराशे सव्वीस. पहिलंच वाक्य दीड पान चाललं होतं. ते तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा शेवटाला येईपर्यंत तो सुरुवात विसरला.

आता मिस्त्रीचा एक नियम होता: आधी पुस्तिका, मग पाना. नव्या लिफ्टला पुस्तिका न वाचता हात लावणाऱ्या दोघांची बोटं गेलेली त्यानं पाहिली होती. तेव्हा तो सरळ वाचनालयात गेला.

"ते गाईड पाहिजे," तो ग्रंथपाल बाईंना म्हणाला. "शाळेत गाईड वापरलं म्हणून मास्तरांनी बडवलं होतं. आता साठीला कोण बडवतंय."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "वहिनींनी तीनदा नेलं होतं हे. त्या गेल्यापासून गुरुवार अगदी ओका वाटतो हो."

मिस्त्रीनं तिथंच उभ्यानं पात्रांची यादी काढली. एकशे बारा माणसं. कप्तान होता, त्याचा भाऊ होता, पूल जाळणारा न्हावीसुद्धा होता. बटणवाली नव्हती.

"मी दोनदा वाचलीय कादंबरी," बाई म्हणाल्या. "मला तरी नाही आठवत. पण एवढ्या गर्दीत एखादी निसटते."

त्याला ते पटलं. पुस्तिकेत सगळं कुठं असतं? जो स्क्रू नेमका नडतो, तोच आकृतीत नसतो, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. म्हणजे ती कादंबरीतच शोधायला हवी, पानन् पान.

सगळ्यात उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मशीन रूम होती. मिस्त्री दुपारच्या सुट्टीत तिथं बसायला लागला. खाली तेलाचा डबा, त्यावर जुनी उशी, मांडीवर कादंबरी आणि गुडघ्यावर गाईड. शेजारी मोटर सुरू व्हायची, थांबायची. आधी गाईडमधलं प्रकरण, मग कादंबरीतलं, मग पुन्हा गाईड. नाती लक्षात राहीनात, तेव्हा त्यानं भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वायरीच्या तुकड्यांनी जोडल्या. लाल म्हणजे लग्न, काळी म्हणजे वैर. कप्तानाच्या चिठ्ठीला काळ्या वायरी इतक्या झाल्या, की ती सारखी गळून पडायची.

लिफ्टची असते तशी नोंदवही त्यानं कादंबरीचीही केली. तक्रार, कारण, उपाय, सही. गाईडमध्ये प्रत्येक प्रकरणाखाली प्रश्न असायचे, त्यांची उत्तरंही तो इमानानं लिहायचा. 'कप्तान स्वतःच्या भावाशी खोटं का बोलतो?' मिस्त्रीनं कारणाच्या रकान्यात लिहिलं: सवय.

एक्केचाळिसाव्या पानापासून एक नवीच कटकट सुरू झाली. पानं वरच्या कडेला जोडलेली. कापायची राहून गेलेली. छापखान्याच्या नावानं दोन शेलक्या शिव्या घालून मिस्त्रीनं हत्यारांच्या पिशवीतून पातं काढलं आणि घडी सरळ कापली. पुढच्या काही पानांनी पुन्हा तेच. मग त्यानं पातं खुणेसारखं पुस्तकातच ठेवलं. बिघडलेलं दिसलं की दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं, हा हाताचाच स्वभाव. डोक्यानं त्यात लक्ष घातलं नाही.

पाचशेव्या पानाच्या आसपास एक वेगळीच पंचाईत झाली. मेला म्हणून सगळे ज्याच्या नावानं रडले होते, तो कप्तानाचा भाऊ जिवंत निघाला. मिस्त्री ताडकन उठला. हे कोणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं. मशीन रूममध्ये मोटर होती, भिंतीवर चिठ्ठ्या होत्या. खाली पहारेकरी होता, पण त्याला पहिल्यापासून सांगायचं म्हणजे संध्याकाळ झाली असती. शेवटी त्यानं मेहुणीला फोन लावला. ती दर रविवारी स्वतःहून फोन करायची. आज बुधवार होता.

"भावोजी? बरे आहात ना?"

"बरा आहे. अगं, त्या पुस्तकातला भाऊ मेलाच नव्हता." आणि तो सांगत सुटला. खटला, पूल, भावाचं सोंग. पलीकडे भांडी विसळल्याचा आवाज येत होता.

"हं," मेहुणी म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "हं."

मिस्त्री बोलायचा थांबला. तो हं त्याच्या चांगला ओळखीचा होता. मेहुणीनं काही वाईट केलं नव्हतं, तिला तिची कामं होती. "ठेवतो," तो म्हणाला आणि त्यानं फोन खाली ठेवला. दोन वर्षं रोज असला हं ऐकूनही ती दुसऱ्या दिवशी पुन्हा कशी सांगायला बसायची, ते त्याला कळेना. त्याला एकदाच ऐकून पुरे झालं होतं.

त्यानंतर तो जास्तच नेटानं वाचायला लागला. एकदा तरी ती बाई भेटावी, म्हणजे निदान उत्तर देता येईल. घरी संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचं आणि म्हणायचं, गेली. किंवा म्हणायचं, नाही गेली. ऐकणारं कोणी नसलं म्हणून काय झालं.

अकरा महिन्यांनी कादंबरी संपली. कप्तान मेला, खटला निकालात निघाला, बंदर गाळानं भरलं. बटणवाली कुठंच आली नाही. तिचा नवरा नाही, मनोरा नाही, साऱ्या गावात भिंतीवरच्या एका बंद घड्याळापलीकडे घड्याळ नाही.

मिस्त्री गाईड परत करायला गेला तेव्हा वाचनालयात दुपारचं कोणी नव्हतं.

"नाही सापडली," तो म्हणाला.

"मधली पानं गाळली असतील," बाई म्हणाल्या. "आम्ही सगळ्याच गाळायचो."

मिस्त्रीला ते लागलं. "पानं गाळीन मी? उलट जोडलेली कापून कापून वाचलीत. छापखान्याचा गलथान कारभार. एक्केचाळीसपासून पार शेवटपर्यंत जोडलेलीच."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मिस्त्री, ते वहिनींचंच पुस्तक ना? मग त्यांनी कशी वाचली असतील ती पानं?"

स्वतःच्या हातानं त्यानं एक-एक घडी कापली होती. इतक्यांदा कापली, आणि एकदाही हे मनात आलं नव्हतं.

"चाळीस पानांवर सोडलं त्यांनी," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "नंतर गाईडवरच भागवायच्या. आम्ही चिडवायचो, तर म्हणायच्या, मला काय परीक्षा द्यायचीय? घरी जेवताना रोज सांगायला थोडी गोष्ट लागते, तेवढी यातून निघते. नाही निघाली तर पदरची घालते."

पदरची. मिस्त्रीनं मागे सरून खुर्ची चाचपली आणि तो बसला. तुमच्या हे केव्हाच लक्षात आलं असेल. त्याच्या आत्ता आलं. खिडकीशी बसून शिवणारी बाई. नुसत्या आवाजावरून यंत्राचा बिघाड सांगणारा नवरा. आणि त्यानं हरकत काय घेतली होती, तर शिडी कोण धरतं.

मग त्याला निळी बॅग आठवली. गोष्टीतल्या बटणवालीनं बॅग भरली, त्याच दिवसांत ही दाराच्या मागे दोन दिवस भरून ठेवलेली होती. यानं विचारलं तर होतं, ही कशाला इथं? ती म्हणाली होती, बहिणीकडे जावं म्हणत होते, बघू. पायात येते म्हणून तिसऱ्या दिवशी यानंच ती उचलून माळ्यावर टाकली. आत काय आहे ते पाहिलं नाही. जड लागली होती, एवढं हाताला आठवत होतं.

"पेन्सिल आहे का?" त्यानं विचारलं.

वाचनालयाच्या पुस्तकात कोणी साधी रेघ मारली तरी बाई चारचौघांत झापायच्या. त्यांनी पेन्सिल दिली आणि त्या उगाचच मागच्या कपाटाकडे वळल्या.

मिस्त्रीनं गाईडमधली पात्रांची यादी उघडली. एकशे बाराव्या नावाखाली थोडी जागा होती. नोंदवहीत लिहायचा तशा ठळक अक्षरात त्यानं लिहिलं: 'एकशे तेरा. बटणवाली. चौथा मजला. घड्याळवाल्याची बायको. बॅग भरून दारात उभी राहिली. गेली नाही.'

खाली सवयीनं त्यानं 'कारण' असं लिहिलं, आणि पेन्सिल तिथंच अडली. ती का गेली नाही, ते त्याला माहीत नव्हतं. सांगणारी दोन वर्षं रोज समोर बसत होती. एकदा मनापासून 'मग?' म्हटलं असतं, तर सांगितलं असतं तिनं.

चौतीस वर्षांत कारण कोरं ठेवून त्यानं एकाही नोंदीखाली सही केली नव्हती. ती त्यानं आज केली, तारीख घातली आणि गाईड बाईंच्या टेबलावर ठेवलं.