चेहरा दिसणारा एक फोटो

फौजदारबाईंनी मागून मागितलं काय, तर एक फोटो. चेहरा स्पष्ट दिसणारा, अलीकडचा. "सहा महिन्यांच्या आतला असेल तर बरं," त्या म्हणाल्या आणि समोरच्या कागदावर बाबांचं वय लिहायला लागल्या. दादाने खिशातून मोबाइल काढला, बोटाने वर-खाली केलं आणि परत खिशात टाकला.

"घरी आहे," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवर. तासाभरात पाठवतो."

मी शेजारीच उभी होते. जन्मापासून ओळखते मी याला. खोटं बोलताना हा समोरच्याच्या खांद्याकडे बघतो. तो बाईंच्या खांद्याकडे बघत होता.

माझा भाऊ हौशी फोटोग्राफर आहे. पोटासाठी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांच्या लाइनींचे नकाशे सांभाळतो, पण हे कोणी खोदून विचारलं तरच सांगतो. वहिनीने लग्नानंतर एक कपाट मागितलं होतं. कपाट आलं, पण कॅमेऱ्यासाठी. काचेच्या दाराचं, आत दिवा असलेलं, दमट हवा शिरू नये असं. वहिनीच्या साड्या अजून पलंगाखालच्या पेटीत आहेत. "पुढचा जन्म लेन्सचा घेणार आहे मी," ती म्हणते, "निदान रोज पुसतील तरी." दादाला हे विनोद कळतात, तो हसतोही, आणि हसत हसत लेन्सच पुसत असतो.

दर रविवारी सगळ्यांना गाडीत कोंबून कुठेतरी न्यायचं, हा त्याचा नेम. तळं, टेकडी, जुना पूल, काही नाही तर शहराबाहेरची विटांची भट्टी. आम्हाला वाटायचं सहलीला चाललोय. तिथे पोचलं की कळायचं, आपण सामान उचलायला आलोय. डबा उघडायचा, तर "थांबा, उजेड जाईल" आणि उजेड गेला की डबा थंड. संध्याकाळी घरी आल्यावर खरं काम. कार्डातले फोटो आधी दोन ठिकाणी उतरवायचे. मग पहिली चाळणी: हललेले, डोळे मिटलेले, डोकं कापलेले बाद. दुसऱ्या चाळणीत चांदण्या द्यायच्या, एक ते पाच. तीनपेक्षा कमी चांदण्या मिळाल्या की फोटो कायमचा पुसायचा, दोन्हीकडून. उरलेल्यांवर रंगकाम. आणि बुधवारी संध्याकाळी घरच्यांच्या ग्रुपवर बारा फोटो. अकरा नाहीत, तेरा नाहीत. आत्या दर बुधवारी विचारायची, "अरे, मीही आले होते ना रे रविवारी? मी कुठाय?" दादाचं उत्तर ठरलेलं: "आत्या, फोटो म्हणजे हजेरीपट नव्हे."

पूर्वी मीही फोनवर काढायचे. बाबा अंगणात टॉवेल खांद्यावर टाकून हसताहेत, असा एक मी ग्रुपवर टाकला होता. दोन मिनिटांत दादाचा फोन. "मागे बादली आलीय बघ. क्षितिज तिरकं आहे. असलं काही टाकत जाऊ नकोस गं." मी रागाने तो ग्रुपवरून सगळ्यांसाठीच पुसला आणि फोटो काढणंच सोडलं. वहिनीनेही सोडलं. घरात एवढा फोटोग्राफर असताना आपण कशाला, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं. माझा तो फोन बादलीतच पडून मेला, त्याला तीन वर्षं झाली.

आता त्या रविवारचं सांगते, कारण सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

बाबांना दोन वर्षांपासून विसर पडायला लागला होता. आधी चष्मा कुठे ठेवला, मग जेवलो की नाही, मग मी कोण. मी शिवणकाम करते, त्यामुळे त्यांचं बारीक होणं मला इंचात माहीत आहे. छाती चाळीसवरून चौतीसवर आली. दाढी करू द्यायचे नाहीत, न्हाव्याला घाबरायचे. तळ्यावर मी त्यांचा हात धरूनच होते. धुकं होतं, गार होतं, त्यांना थंडी वाजायला लागली म्हणून मी गाडीतून स्वेटर आणायला गेले. जाताना दादाला म्हटलं, "बघ हं त्यांच्याकडे." तो म्हणाला, "हो." चार मिनिटं लागली मला. फार तर पाच.

परत आले तेव्हा दादा पोटावर झोपून फोटो काढत होता. माझी आठ वर्षांची भाची तळ्यात दगड टाकत होती, पुन्हा टाक, आणखी एक टाक. बाबा नव्हते. नंतर पोरीनेच सांगितलं. आजोबा तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. दादा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला, "बाबा, मध्ये येताय. बाजूला व्हा जरा. अजून. अजून थोडे." आणि आजोबा बाजूला झाले. ते हल्ली सांगितलेलं सगळं ऐकायचे.

दुपारपर्यंत गावातल्या माणसांनी तळ्याचा काठ पालथा घातला. रस्त्यावरच्या टपरीवाल्याच्या कॅमेऱ्यात बाबा सापडले, दहा वीसला रस्त्याच्या दिशेने चालत जाताना. पाण्यात गेले नाहीत एवढं कळलं आणि मी तिथेच फतकल मारून रडले. चेहरा मात्र तिथेही नव्हता. पाठच दिसत होती.

मग चौकी, आणि मग घरी कॉम्प्युटरसमोर आम्ही तिघं. एकसष्ट हजार फोटो. दादाने बाबांच्या नावाचा फोल्डर उघडला. काठीवरचा बाबांचा हात, शिरांसकट. सूर्यास्तासमोर बाबांची काळी आकृती. भिंतीवर बाबांची सावली, हिला त्याच्या फोटोग्राफी क्लबात दुसरं बक्षीस मिळालं होतं. कान आणि चष्म्याची दांडी. वाफेच्या मागे अर्धं कपाळ. एकेक फोटो असा, की भिंतीवर लावावा. पोलिसांना देण्यासारखा एक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी त्या पडद्यावर बघत होते.

"अरे, समोरून काढलेला एक तरी असेल," मी म्हटलं.

"काढलेत. खूप काढलेत."

"मग?"

वहिनीने विचारलं, "अहो, बोला ना. कुठे ठेवलेत?"

"पुसले," तो म्हणाला.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तोंडाला येईल ते बोलले. बापाला चांदण्या देतोस? दोन चांदण्यांचा झाला का बाप? वहिनी मला आवरत होती, "वन्सं, पुरे, वन्सं, पोरगी ऐकतेय," आणि मी थांबत नव्हते. तो सगळं ऐकून घेत होता. शेवटी खुर्चीत बसूनच म्हणाला, "त्यात ते नसायचे गं. तोंड उघडं, डोळे कुठेतरीच. मी मोठा करून बघायचो आणि मला वाटायचं, हे कोण? मला ते बघवत नव्हतं. पुसलं की बरं वाटायचं."

मला त्याची कीव आली आणि मला ती येऊ द्यायची नव्हती.

पुसलेलं परत आणायची खटपट त्याने केली. कार्ड दर आठवड्याला रिकामं करून वर नवे फोटो घेतलेले, काही हाती लागलं नाही. समोरून काढलेला एकच फोटो होता, बाबांच्या निवृत्तीच्या दिवशीचा, नऊ वर्षांपूर्वीचा. काळे केलेले केस, भरदार मिशी, गुबगुबीत गाल, डोळ्यांत खिडकीचा उजेड. ओळखपत्रावरचा त्याहूनही जुना. दादाने त्या फोटोला कॉम्प्युटरवर म्हातारं करायला घेतलं. मिशी पुसली, पांढरी दाढी रंगवली, गाल आत ओढले. तासभर खपून दाखवलं तर नाटकातला ऋषी दिसत होता. वहिनी हळूच म्हणाली, "हे कोणी तिसरेच वाटतात हो." शेवटी मूळ फोटोच दिला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: सध्या दाढी वाढलेली, अंगाने बारीक, निळा सदरा. फोटो इतका सुरेख असल्यावर खालचं बारीक अक्षर कोण वाचतं?

पत्रक ग्रुपवर गेलं, क्लबाच्या ग्रुपवर गेलं, तिथून आणखी कुठे कुठे. आणि उत्तरं काय यावीत? "काय सुंदर व्यक्तिचित्र!" "डोळ्यांतला उजेड अप्रतिम." एका महाभागाने कुठली लेन्स वापरली ते विचारलं. बापाला शोधताय हे पत्रकावर ठळक लिहिलेलं असताना! दादाने तो निरोप मला दाखवला. मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

सोमवारी आम्ही दवाखाने पालथे घातले. क्लबातल्या चार भल्या माणसांनी आसपासच्या गावांत पत्रकं चिकटवली, त्यांचे उपकार विसरणार नाही. रात्री कोणी झोपलं नाही. मंगळवारी सकाळी मी आणि दादा तळ्यापासून अकरा किलोमीटरवरच्या बसस्थानकात गेलो. तिथे खांबावर आमचं पत्रक आधीच लागलेलं होतं. पहारेकरी स्वतःहून जवळ आला, साधा, बोलका माणूस.

"तुमचे का हे?" त्याने विचारलं. "काल दुपारी लावून गेले लोक. तेव्हापासून मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतोय. पोलिसांचा शिपाईपण आला होता, सगळ्या बाकांवरून नजर टाकून गेला. कोणी पाहिलं नाही म्हणतात. या बाकावर एक म्हातारे बसले होते कालचा दिवसभर, त्यांनासुद्धा विचारलं."

"कोण म्हातारे?" मी म्हटलं.

"होते एक. दाढीवाले, हडकुळे. घरचं कोणी न्यायला येणार म्हणत होते. निळा सदरा, आणि त्याला कोटाची असतात तसली मोठी मोठी बटणं. म्हणून लक्षात राहिले."

ती बटणं मी लावली होती. लहान बटणं बाबांच्या बोटांना सापडायची नाहीत, म्हणून सगळ्या सदऱ्यांची बटणं काढून मी मोठी लावली होती. मी खांबाला धरलं. दादाला बटणांचं माहीत नव्हतं, तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यालाही कळलं.

"त्यांना फोटो दाखवलात तुम्ही?" त्याने विचारलं.

"दाखवला की. खांबाजवळ नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिला बराच वेळ. म्हणाले, नाही हो, या गृहस्थांना नाही पाहिलं. मग म्हणाले, माझ्या मुलाला विचारा. तो फोटो काढतो, त्याच्याकडे सगळ्यांचे फोटो असतात."

"आता कुठे आहेत?"

"संध्याकाळी बसमध्ये चढले. कुठल्या, ते नाही बघितलं बुवा. साडेपाचला पाच-सहा गाड्या एकदमच सुटतात." आमच्याकडे बघून त्याचाही चेहरा उतरला. "अहो, ते होते का ते? मला काय ठाऊक! फोटोत तर..." आणि त्या भल्या माणसाने स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. त्याची काहीच चूक नव्हती.

दादा त्या बाकावर बसला. मला वाटलं आता हा कोसळणार. पण त्याने पिशवीतून एक पत्रक काढलं, मागची कोरी बाजू वर करून गुडघ्यावर घेतलं, पेन काढलं.

"कसे दिसत होते?" त्याने पहारेकऱ्याला विचारलं.

"कसे म्हणजे? म्हातारे."

"चेहरा सांगा. हळूहळू सांगा. वरून सुरू करा."

पहारेकरी गोंधळला, पण सांगायला लागला. कपाळावर आठ्या नाहीत, लहान मुलासारखं कपाळ. डाव्या भुवईचे केस लांब. डोळे सारखे फाटकाकडे. खालचा ओठ फुटलेला. तोंड थोडं उघडं, काही विचारलं की मिटायचं. दादा प्रत्येक शब्द लिहीत होता. "दाढी किती? बोटाचं एक पेर की दोन?" विचारत होता. एकसष्ट हजार फोटो काढलेला माझा भाऊ आपल्या बापाचा चेहरा एका परक्या माणसाला विचारून घेत होता. मला रडू येत होतं आणि त्याच्या मुस्काटात मारावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही. भुवईची बाजू चुकली होती, ती दुरुस्त केली.

त्या पाच-सहा गाड्या जिथे जिथे जातात, त्या सगळ्या गावांत लावायला नवं पत्रक करायचं होतं, म्हणून आम्ही थेट छापखान्यात गेलो. छापखानेवाला दादाला पंधरा वर्षं ओळखतो, त्याच्या प्रदर्शनांचे मोठे फोटो इथेच छापले जातात. त्याने कागद वाचला, उलटा करून पाहिला.

"साहेब, फोटो द्यायचा राहिला."

"फोटो नाही," दादा म्हणाला.

"तुमच्याकडे? फोटो नाही?" तो हसला. मग त्याने दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आणखी काही न विचारता कागद यंत्रावर चढवला. बाबांना शोधतोय, त्याला आज एकोणीस दिवस झाले.