एसी बंद करून ऐकलेला पोवाडा

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. तरुणपणी बाबा युनियनची पत्रकं लिहायचे, छापायचे आणि कारखान्याच्या गेटवर उभे राहून वाटायचे. पुढे कारखाना बंद पडला, बाबा आखातात आले आणि अजमानच्या एका छापखान्यात हॉटेलांची मेन्यूकार्डं छापू लागले. पण पत्रकांची पेटी बरोबर आली. तिथे मराठी शाळा नव्हती, म्हणून ती पेटीच माझी शाळा. माझा 'क' कमळाचा नव्हताच, कामगाराचा होता. आईच्या वाढदिवसाला मी आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र लिहिलं, त्याची सुरुवात 'भगिनींनो, जाग्या व्हा!' अशी होती. आई म्हणाली, "पाच वाजता उठते मी. अजून किती जागी होऊ?"

आमच्याकडे दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, एक काका जेवायला यायचे. रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात ते भट्टीवर कामाला होते. शेअर टॅक्सीने यायचे, कापडी पिशवीत डफ घेऊन. गावाकडे ते शाहीर होते. जत्रेत, लग्नात, निवडणुकीत पोवाडे गायचे. आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते पडद्यावर आले होते.

एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या सिनेमात जत्रेच्या प्रसंगात ते डफ वाजवत गाताना दिसतात, चांगले अकरा सेकंद. पण आवाज मुंबईच्या कुणा गायकाचा. दुसऱ्या सिनेमात अख्खं कडवं त्यांच्या आवाजात आहे, पण तोंड हलवतोय हीरो, आणि नावांच्या यादीत काकांचं नाव नाही. तिसरी एक मालिका. तिच्यात तोंडही त्यांचं आणि आवाजही त्यांचाच असावा, पण ते गात असताना पुढे सासू सुनेला झापते आहे. ऐकू येते ती फक्त सासू.

जेवणं झाली की पहिल्या सिनेमाची व्हिडिओ कॅसेट लागायची. जत्रा आली की काका म्हणायचे, "वैनी, त्या डब्याचा आवाज बंद करा." आई आवाज शून्यावर आणायची. काका टीव्हीच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडासाठी खच्चून गायचे. अकरा सेकंदांत जत्रा संपायची, काका संपायचे नाहीत. खालच्या मजल्यावरचा इजिप्शियन शेजारी छताला काठी ठोकत ओरडायचा, "खलास, हबीबी, खलास!" माझा धाकटा भाऊ सोफ्यावर उड्या मारत ओरडायचा, "वन्स मोअर!"

हे सगळं हसतखेळत चालायचं. पण एकदा मी खोदून विचारलं, तेव्हा काकांनी सांगितलं. पहिला सिनेमा लागला तेव्हा सगळं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेलं होतं. त्यांची आई पहिल्या रांगेत होती. पडद्यावर पोरगा आला, त्यानं तोंड उघडलं, आणि ती थिएटरात उभी राहून म्हणाली, "ह्यो माझ्या पोराचा आवाज न्हाई. कुणी काढून घेतला?" लोक हसले. 

"आता तिला दिसायचं कमी झालंय," काका म्हणाले. "पुरतं जायच्या आत एकदा माझंच तोंड आन् माझाच आवाज तिच्या म्होरं यावा. दुसरं काय मागणं न्हाई."

मी तेरा वर्षांची होते. मला त्यात दुःख दिसलं नाही, अन्याय दिसला.

त्या ऑगस्टमध्ये मुंबईहून एका मराठी वाहिनीची माणसं आली. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी आखातातल्या मराठी मंडळींचं चित्रीकरण शारजाच्या एका हॉलमध्ये व्हायचं होतं, आणि कुणीतरी काकांचं नाव सुचवलं. आदल्या दिवशी दुबईतल्या एका छोट्या स्टुडिओत त्यांचा पोवाडा रेकॉर्ड झाला. परत जाताना ते आमच्याकडे चहाला थांबले. खुशीत होते, पण कप खाली ठेवताना म्हणाले, "उद्या निस्तं तोंड हलवायचं हाय म्हणं."

मी तडक बाबांच्या छापखान्यात गेले. बाबा मशीनवर होते. मी कोपऱ्यात बसून पत्रक लिहिलं: 'बंधू-भगिनींनो! चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, चेहरा आजचा आणि आवाज कालचा, हे किती दिवस चालणार? कलाकाराला त्याच्या तोंडाने, त्याच क्षणी गाऊ द्या! ही भीक नाही, हा हक्क आहे!' साधा कागद सापडेना, म्हणून चुकून जास्त छापलेल्या मेन्यूकार्डांचा जाड गठ्ठा घेतला. त्यांच्या एका बाजूला बिर्याणीचे सगळे प्रकार होते, दुसरी बाजू कोरी होती. कोऱ्या बाजूवर झेरॉक्स मारून दीडशे प्रती काढल्या.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात मी पत्रकं वाटायला लागले आणि बाबांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक.

"अगं, इथे पत्रकं वाटत नाहीत! हा आपला देश नाही."

"मग पेटी कशाला आणलीत?"

बाबांनी एक पत्रक घेऊन वाचलं, उलटं केलं, मटण बिर्याणी, चिकन बिर्याणी पाहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कुणी विचारलंच, तर बिर्याणीची बाजू वर धरायची. आणि 'भीक' हा शब्द मोठा पाहिजे होता."

चित्रीकरण सुरू झालं. स्पीकरवर कालचं गाणं लागलं, काकांनी डफ उचलला, आणि पहिल्याच ओळीला गडबड झाली. स्पीकरवरचा आवाज एक म्हणत होता, तोंड दुसरंच. दिग्दर्शक टोपी घातलेला तरुण होता. तो म्हणाला, "कट! काका, कालचंच म्हणा ना."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"अहो, तुमचंच गाणं आहे!" दिग्दर्शक वैतागला. "तुमच्याच आवाजावर तुम्हाला तोंड हलवता येत नाही?"

"साहेब," काका शांतपणे म्हणाले, "काल म्होरं तुम्ही चौघंच हुता. आज एवढी मान्सं बसल्याती. चौघांचं गाणं दीडशे मान्सांम्होरं कसं गाऊ?"

पुढच्या रांगेतले पदर खाली आले. मला आजवर कलेबद्दल कुणी याहून शहाणं काही सांगितलेलं नाही.

दिग्दर्शकाला पटलं असावं. त्याने साउंडवाल्याकडे पाहिलं. साउंडवाल्याने मान हलवली. "लाइव्ह घेतो, पण हा एसी ऐका. ट्रक चालू असल्यासारखा आवाज आहे. गाणं ऐकूच येणार नाही."

काकांनी डफ पिशवीत घालायला घेतला. तेवढ्यात मागून आवाज आला, "मग एसी बंद करा!"

ती माझी आई होती, जरीची साडी नेसून आलेली, हातात माझं पत्रक. "आम्ही बसतो. काय हो, बसतो ना?"

"बसतो!" हॉल म्हणाला.

हॉलचा पठाण केअरटेकर धावत आला. "एसी बंद? अगस्त में? मॅडम, आप सब की तबीयत ठीक है?"

"यल्ला, चलो, भाईसाब," आई म्हणाली, "बंद करो."

एसी घरघरत थांबला. बाहेर वाळू तापलेली, आत दीडशे माणसं आणि चित्रीकरणाचे दिवे. आणि काका गायला लागले. समुद्रापलीकडे आलेल्या माणसांचा पोवाडा होता तो. त्यांनी त्यात भट्टी घातली, शेअर टॅक्सी घातली, पुढच्या रांगेतला गजरा घातला, पठाणाची तबीयत घातली. पठाण दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. लोक घामाने निथळत होते आणि दीडशे हातांत माझी पत्रकं पंख्यासारखी हलत होती. ती वाचली की नाही, देव जाणे. साउंडवाल्याने कानावरचा हेडफोन दाबत, हलणाऱ्या पत्रकांकडे बघून भुवया चढवल्या, तसा दिग्दर्शक ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "राहू दे. थांबवू नकोस."

दिवाळीत कार्यक्रम लागला तेव्हा काका आमच्याच सोफ्यावर बसले होते. तोंड त्यांचं, आवाज त्यांचा, खाली नाव त्यांचं. नाव दिसलं तेव्हा बाबांनी टाळी वाजवली, जशी गेटवर मागणी मान्य झाल्यावर वाजवत असतील. आजही सिनेमा संपला की नावांची यादी संपेपर्यंत मी जागची उठत नाही. ज्याने काम केलं त्याचं नाव लागलंच पाहिजे, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

कार्यक्रम संपताच काकांनी गावी सरपंचांच्या घरी फोन लावला. सगळं गाव तिथे टीव्हीसमोर बसलं होतं. फोन त्यांच्या आईकडे गेला. आम्ही चौघं रिसीव्हरला कान लावून.

"आये, बघितलंस?"

"बघितलं. धूसर दिसलं, पर तूच हुतास. आवाज बी तुझाच." मग ती म्हणाली, "पर काय रं, त्या वाळूत एवढी पाखरं कुठनं आली? तू गात हुतास आन् तुझ्या म्होरं नुसती फडफड, फडफड!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच सांगितलं, सांगू नका.

"हायती की, आये," ते म्हणाले, "लई पाखरं हायती हितं."