रेडिएटरमधली हळद

माझी जीभ आधी चालते, डोकं मागून येतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. पण जिथं बोलायला हवं तिथं मी गप्प बसलो, आणि खरा घात तिथंच झाला.

आमचं घर अवसरी बुद्रुकला. थोरली ताई लोणीला दिलेली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, माझी चारचाकी एका दिवसापुरती मागितली. येडगावला त्यांच्या भाच्याचा साखरपुडा होता. गाडी जुनीच, पण माझी ऐट फार. रेडिएटरमधून पाणी झिरपत होतं. ते मी ट्रकवाल्यांच्या युक्तीनं बंद केलं होतं: स्वयंपाकघरातली मूठभर हळद आत टाकायची, ती फटीत जाऊन बसते. चार दिवस निभतं, मग रेडिएटर चोंदतो आणि फटही पुन्हा गळायला लागते. हे सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो? "गाडी एक नंबर हाय दाजी, बिनघोर न्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली ती पिकअपच्या मागं दोर बांधून. नारायणगावाजवळ इंजिन उकळून बंद पडलं होतं. शेजारीपाजारी जमले. माझ्या मनात पहिल्यांदा हळदच आली, खोटं कशाला बोलू? आणि म्हणूनच मी जास्त ओरडलो.

"टेंपरेचरचा काटा बघायचा असतो, दाजी! डोळं मिटून चालवत व्हता का?"

"काटा खालीच व्हता, भाऊ. मी सारखा बघत व्हतो."

"इंजिन उकळतंय आन् काटा खाली? कुणाला येडं बनवताय, राव?"

आमच्याकडं जावयाला आधी पाणी देतात, मग बोलतात. मी त्यांना उभ्या उभ्या, चारचौघांत खोटं ठरवलं. दाजींनी बाहीनं तोंड पुसलं आणि सोबत आलेल्या ताईला ते म्हणाले, "चल, एसटी मिळंल." जाता जाता ताई म्हणाली, "या दारात माझ्या माणसाला मान न्हाई. भाऊबीजेला माझी वाट बघू नको."

मंचरला मेस्त्रीकडं गाडी नेली, तेव्हा मनातून एकच धावा चालला होता: देवा, काटाच खराब निघू दे! म्हणजे कुणाचीच चूक नाही.

मेस्त्रीनं सेन्सरची वायर काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवली. काटा टणकन वर गेला. "काटा चांगला हाय." मग त्यानं सेन्सर खोलला, टपरीवरून भांडंभर उकळतं पाणी आणलं, त्यात तो बुडवून वायरी जोडल्या. काटा सावकाश वर चढला. "सेन्सर बी चांगला."

"मग त्या दिवशी खाली कसा?"

"पाणीच संपलं असंल. सेन्सर पाण्यात असला तर त्याला ताप कळतो. कोरडा पडल्यावर त्याला काय कळणार?"

म्हणजे दाजींचा शब्द न् शब्द खरा होता. मेस्त्रीनं खालचा पाइप सोडला, तर पिवळा चिखल बाहेर आला. "आयला, हळद! कुणी घातली?"

"पावण्यांनी नेलती गाडी," मी म्हणालो.

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ताईला फोन केला. "काटाच खराब निघाला. माझं चुकलं, दाजींना सांग." ताई विरघळली. "बरं, ये मग मुराळी व्हऊन," म्हणाली. बहिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो, तोच मुराळी.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दुरुस्त केलेली गाडी आणि साडी घेऊन लोणीला गेलो. "या पावणं, बसा," म्हणत दाजींनी स्वतः पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तांब्या तोंडाला न लावताच खाली ठेवला.

"दाजी, काटा चांगला व्हता. हळद मी घातली व्हती."

"म्हाईत हाय. रस्त्यात रेडिएटरचं झाकण उघडलं तवाच उरलंसुरलं पिवळं पाणी अंगावर उडालं."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाई?"

"तुमच्या दारात? तुमच्या लोकांसमोर? तुमची बहीण शेजारी उभी व्हती, भाऊ. तिला माहेर ऱ्हायला नको का?"

ताई उंबऱ्यात उभी होती, हातात भरलेली पिशवी. तिनं ती खाली ठेवली.

"काट्यामुळं तुझा गैरसमज झाला, असं धरून मी येत व्हते," ती म्हणाली. "पर तुला तर म्हाईत व्हतं. म्हाईत असून तू ह्यांच्यावर वरडलास."

"जाऊ दे, भाऊ हाय तुझा," दाजी तिला समजावत राहिले. माझ्या बाजूनं, दाजी! पण ती पिशवी घेऊन आत गेली.

गेल्या दिवाळीलाही मी मुराळी म्हणून गेलो. दाजींनी पाणी दिलं, चहा दिला, काटा नीट चालतोय का म्हणून चौकशीही केली. ताई बाहेर आली नाही.