तळाशी काहीच नव्हतं

माझ्या सासूबाई सोनं शुद्ध करतात. सोनारांकडून आलेला कानशीचा कीस त्या आम्लात विरघळवतात. ते पिवळं पाणी तासन्‌तास उकळत ठेवतात आणि जास्तीचं आम्ल उडून गेलं की पावडर टाकून सोनं खाली बसवतात. तीस वर्षांत वजनात कधी गुंजेचा फरक नाही. त्यांच्या हाताखाली काम करताना घाई करायची सोय नाही आणि मी तर जन्माची उतावळी!

त्या दिवशी त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. कीस ज्याचा, तो सोनार समोर स्टुलावर बसून सारखा पाय हलवत होता. त्या पायाला वैतागून मी पावडर लवकर टाकली. तपकिरी गाळ छान खाली बसला. सोनार फोनवर बोलायला बाहेर गेला, मी आत भांडी घासायला. परत येऊन बघते तर काचेच्या भांड्याच्या तळाशी काहीच नव्हतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

“मघाशी तर होतं!” सोनार दारातूनच ओरडला.

“मी हात लावलेला नाही.”

“मग काय पाय फुटले त्याला? पिशवी दाखवा तुमची.”

तेवढ्यात सासूबाई आल्या, अर्धा गाल बधिर. मी चोर ठरले असते तर या कामाच्या खोलीत काय, घरातही तोंड दाखवायला जागा उरली नसती.

“पावडर टाकलीस तेव्हा तांबूस वाफ येत होती?” त्यांनी विचारलं.

“थोडी येत होती.”

त्यांनी कागदावर त्या पाण्याचा थेंब टाकला, त्यावर छोट्या बाटलीतला दुसरा; पाण्यात सोनं असलं की डाग जांभळा होतो. डाग पिवळाच राहिला. सोनार माझ्या पिशवीकडे सरकला. मग डाग जांभळा झाला, बघता बघता काळा.

“सोनं पाण्यातच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “उरलेल्या आम्लानं परत खाल्लं.”

पुन्हा उकळायला चार तास लागले. गाळ बसला, वजन पुरं भरलं. सोनार हसून म्हणाला, “गंमत केली हो वहिनींची!”

“पुढच्या वेळी दुसरीकडे न्या,” सासूबाई म्हणाल्या आणि त्याला दार दाखवलं.

मला भरून आलं. त्या मात्र माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “डाग जांभळा होईपर्यंत मलाही वाटत होतं, तूच घेतलंस.”

मला असा संताप आला! लग्नानंतरच्या सात वर्षांचं साठलेलं सगळं मी बोलून टाकलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही, उरलेलं आम्ल पुरतं उडू द्यावं तसं.