आता दिवे विझवा

आमच्या गावात इंटरनेटची तार पहिल्यांदा पोचली ती फोटोकाकांच्या स्टुडिओत. दवाखान्यात नर्सबाई होत्या, डॉक्टर नव्हता. म्हणून त्या पेशंटना काकांकडे आणत आणि शहरातला डॉक्टर त्यांना पडद्यावर तपासत असे. ‘उंटावरून शेळ्या हाकणं’ म्हणून लोक नाकं मुरडत आणि रांगेतही उभे राहत.

काकांचा हट्ट एकच: आपल्या कॅमेऱ्यासमोर माणूस वाईट दिसता कामा नये. सगळा जन्म त्यांनी त्यातच घालवलेला. पेशंट आला तरी ते पिवळे दिवे लावत, पावडरीचा डबा पुढे करत आणि म्हणत, “हनुवटी वर.” तपासणीला हनुवटी कशाला वर, हे आम्ही कुणीच विचारलं नाही.

त्यांना लहानाचं मोठं केलं ते वहिनीने. हल्ली घरातल्या घरातही तिला धाप लागायची. शहरात जायला मात्र साफ नकार. “पडद्यावरचा डॉक्टर ठीक म्हणाला, तर पुन्हा शहराचं नाव काढायचं नाही,” ही तिची अट. शेजारीण म्हणून तिला स्टुडिओत नेलं मीच.

काकांनी तिला पावडर लावली, वर थोडी लालीही. नर्सबाई म्हणाल्या, “नाडी जलद आहे.”

डॉक्टर हसला. “घाबरल्या असतील. चेहरा तर टवटवीत आहे. वयाचा थकवा, दुसरं काही नाही.”

“ऐकलंत ना भाऊजी?” म्हणत वहिनी उठलीच.

काकांनी भराभर दिवे विझवले, खिडकी सताड उघडली आणि ओल्या रुमालाने वहिनीचं तोंड खसाखसा पुसलं.

“अहो, परक्या माणसापुढे काय हे!”

“गप बस, वहिनी. डॉक्टर, आता बघा. मघाशी बघितलंत ते माझं काम होतं.”

डॉक्टरचं हसू गेलं. त्याने नर्सबाईंना वहिनीची खालची पापणी ओढायला सांगितली. आत कागदासारखं पांढरं.

“आजच इकडे घेऊन या. रक्त द्यावं लागेल.”

वहिनी बरी होऊन आली. परक्यासमोर तोंड पुसलं म्हणून दिराशी अजून धड बोलत नाही. चहा तेवढा पाठवते. तपासणीच्या वेळी आता दिवे बंद असतात. “काका, मी भुतासारखी दिसते!” अशी एखादी कुरकुरते.

“मग फोटोला ये,” काका म्हणतात, “इथे खरं तोंड दाखव.”